‘मॅनेजर’ गेला तेव्हा : फुटबॉलच्या चाहत्यांचा एक अभ्यास

‘मॅनेजर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बँकेत काचेआड बसलेला गृहस्थ येतो. त्याची बदली झाली की हार-नारळ, चहा-फराळ, दोन भाषणे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर दुसरा गृहस्थ. इंग्लंड-स्कॉटलंडमधील फुटबॉल क्लबाचा मॅनेजर ही निराळीच जात आहे. संघ निवडणे, कोणता खेळाडू विकत घ्यायचा व कोणता विकायचा ते ठरविणे, सराव घेणे आणि हरल्यावर वर्तमानपत्रांना तोंड देणे ही सारी कामे परंपरेने त्याच्या एकट्याच्या शिरावर असतात. (अलीकडे खरेदी-विक्रीसाठी वेगळे अधिकारी नेमण्याची पद्धत पडली आहे.) क्लबाच्या संचालकांची नावे सामान्य प्रेक्षकाला सांगता येतीलच असे नाही, मॅनेजरचे नाव मात्र शाळकरी पोरालाही पाठ असते. असा मॅनेजर निघून जातो तेव्हा त्या गावची माणसे जे काही करतात, ते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम तपासून पाहण्याजोगे आहे.

वर्गात नेतृत्व आणि अधिसत्ता ही प्रकरणे शिकविताना पाठ्यपुस्तकातील उदाहरणे राजांची, धर्मसंस्थापकांची व राजकीय पुढाऱ्यांची असतात. ती चुकीची नाहीत. पण फार मोठी आहेत. त्यांच्यात सैन्य, खजिना, जात, कर असे इतके धागे गुंतलेले असतात की, अनुयायाच्या मनातला धागा वेगळा काढून दाखविणे कठीण जाते. फुटबॉलच्या मॅनेजरजवळ प्रेक्षकाला द्यावयास काही नसते. नोकरी नाही, जमीन नाही, मोक्ष तर नाहीच. उलट प्रेक्षकच तिकिटाचे पैसे मोजून आत येतो. तरीही तो गेला की माणसे रडतात. हे का होते, असा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत बोलका दिवस म्हणजे १२ जुलै १९७४. त्या दिवशी लिव्हरपूल क्लबाचे अध्यक्ष जॉन स्मिथ यांनी पत्रकारांना बोलावून मॅनेजर बिल शँक्ली निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. शँक्लीचे वय तेव्हा साठ. तो मूळचा स्कॉटलंडमधील ग्लेनबक या कोळसा-खाणीच्या खेड्यातला. दहा भावंडांचे घर. पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉल खेळले. तो स्वतः लहानपणी खाणीवर राबला होता. डिसेंबर १९५९ मध्ये तो लिव्हरपूलला आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत पडलेला होता. १९६२ मध्ये त्याने तो वरच्या श्रेणीत आणला, पुढे १९६४, १९६६ व १९७३ अशी तीन वेळा लीग जिंकली, १९६५ साली क्लबाच्या इतिहासातला पहिला एफ. ए. चषक मिळवून दिला आणि १९७३ मध्ये यूएफा चषकही आणला. जाण्यापूर्वी दोनच महिने, मे १९७४ मध्ये, वेम्ब्लीवर न्यूकॅसलचा ३-० असा पराभव करून संघाने दुसऱ्यांदा एफ. ए. चषक घेतला होता. म्हणजे हरला म्हणून गेला, म्हातारपणी लोकांनी घालवला, असला काही प्रकार नव्हता. थकलो आहे, असे त्याने सांगितले, इतकेच.

ग्रॅनडा टेलिव्हिजनचा तरुण बातमीदार टोनी विल्सन त्या दिवशी कॅमेरा घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यावर उतरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ही बातमी सांगू लागला. ती चित्रफीत आजही पाहावयास मिळते व प्रत्येक विद्यार्थ्याने ती पाहावी असे मी सांगेन. एक पोरगा ऐकून घेतो, बातमीदाराच्या तोंडाकडे पाहतो, आणि तुम्ही माझी थट्टा करता आहात, असे म्हणतो. पुन्हा सांगितल्यावरही त्याचा चेहरा पटलेला दिसत नाही. आपल्याकडे घरी वाईट निरोप घेऊन येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ‘कोण म्हणाले?’ असाच विचारतात. क्लबाच्या कचेरीत टेलिफोनची रीघ लागली. कारखान्यांतील कामगारांनी संपाची भाषा केली, असेही सांगतात. ज्या देशात त्याच वर्षाच्या आरंभी वीज वाचविण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते, तेथे कामगारांनी मॅनेजरसाठी संपाचे नाव काढावे, याला नुसता पोरकटपणा म्हणून बाजूला सारता येत नाही.

यामागचे नाते समजावयाचे तर ॲनफील्ड मैदानावरील ‘कॉप’ पाहिला पाहिजे. गोलाच्या मागे चढत गेलेल्या या पायऱ्यांवर त्या काळी पंचवीस हजारांहून अधिक माणसे उभ्याने सामना पाहत. नाव आले दक्षिण आफ्रिकेतील स्पायॉन कॉप या टेकडीवरून. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तेथे लँकेशायरच्या पलटणींतील पुष्कळ सैनिक पडले. (त्याच टेकडीच्या पायथ्यापासून जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात गांधीजी होते. हा योगायोग फुटबॉलच्या गप्पांत कोणी सांगत नाही, म्हणून येथे नोंदवितो.) गोदीवर, कारखान्यात आठवडाभर राबलेला माणूस शनिवारी दुपारी येथे येई. शँक्ली त्यांच्याच भाषेत बोले, कारण ती त्याचीही भाषा होती. चाहत्यांच्या पत्रांना तो स्वतः टंकयंत्रावर उत्तरे लिही. १९७३ मध्ये लीग जिंकल्यावर मैदानाला फेरी मारताना कॉपमधून कोणी त्याच्याकडे मफलर फेकला, आणि एका पोलिसाने तो पायाने बाजूला सारला. शँक्लीने पोलिसाला हटकले, मफलर उचलला व स्वतःच्या गळ्यात घातला. हा मफलर म्हणजे कुणाचे तरी आयुष्य असेल, अशा अर्थाचे काही तो बोलला. वेम्ब्लीच्या त्या शेवटच्या चषकानंतर तर दोन पोरांनी मैदानात धावत येऊन त्याच्या पायांवर डोके ठेवले. आपल्याकडे पाया पडणे रोजचेच. त्याचे कौतुक कोणाला? इंग्रजांच्या देशात मात्र गुडघे फक्त चर्चमध्ये टेकतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दृश्याचे वजन कळते.

आता अगदी वेगळे प्रकरण घेऊ. त्याच्या नऊ महिने आधी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, डर्बी काउंटीचा मॅनेजर ब्रायन क्लफ आणि त्याचा साहाय्यक पीटर टेलर यांनी राजीनामे दिले. १९६७ साली हे दोघे आले तेव्हा डर्बीही दुसऱ्याच श्रेणीत होता. १९७२ मध्ये त्यांनी लीग जिंकली आणि १९७३ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत संघ नेला. क्लफची जीभ तिखट. टेलिव्हिजनवर व वर्तमानपत्रांतून तो कोणाचीही भीड न ठेवता बोले; अध्यक्ष सॅम लाँगसन यांना ते सहन होईना. भांडण पेटले, राजीनामे आले, आणि ते ताबडतोब स्वीकारले गेले. डर्बीत मात्र रडारड झाली नाही, डर्बी चिडली. सभा झाल्या, मोर्चे निघाले, क्लफला परत आणण्यासाठी रीतसर चळवळ उभी राहिली. खेळाडूंनी सह्या करून संचालक मंडळाला पत्र दिले व काही काळ न खेळण्यापर्यंत गोष्ट गेली. संचालक मंडळ हलले नाही.

लिव्हरपूलचा शोक आणि डर्बीचा संताप यांतील फरक दाखविण्यासाठी मी वर्गात आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० मधील पुस्तकाचा आधार घेतो. एखादी संस्था बिघडू लागली की तिच्याशी बांधलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, असे त्याचे म्हणणे : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. किराणा दुकानातली डाळ खराब निघाली तर आपण पलीकडच्या दुकानात जातो. वाण्याशी वाद घालीत बसत नाही. मात्र जेथे निष्ठा आहे तेथे माणूस चटकन बाहेर पडत नाही, आणि म्हणून आवाज वाढतो. फुटबॉलच्या चाहत्याची गोची अशी की, बाहेर पडण्याची वाट त्याला जवळजवळ नाहीच. डर्बीचा माणूस रागाने शेजारच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचा चाहता होणार नाही. तसे केले तर घरातच त्याला कोणी जेवू घालणार नाही. निष्ठा जन्माची आणि कायदेशीर हक्क शून्य. शेअर नाहीत, मत नाही, संचालक मंडळात कोणी ऐकणारा नाही. मग उरतो फक्त घसा.

येथे मी हर्शमनच्या विवेचनात थोडी भर घालू इच्छितो. डर्बीत आवाज उठविता आला, कारण समोर कोणी दोषी होता : अध्यक्ष. लिव्हरपूलमध्ये दोषी कोणीच नव्हता. ज्याच्यावर रागवावे तोच प्रिय, आणि त्याने काही वाईटही केलेले नाही. अशा वेळी आवाज शोकात बदलतो. ‘थट्टा करता आहात’ हे वाक्य म्हणजे तक्रार आहे. तिला पत्ता नाही एवढेच.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने अधिसत्तेचे तीन प्रकार सांगितले : परंपरेवर आधारलेली, कायद्यावर आधारलेली आणि दिव्यवलयी. तिसऱ्या प्रकारात नेत्याच्या अंगी काही असामान्य आहे ही अनुयायांची श्रद्धाच त्याच्या सत्तेचा पाया असते, आणि म्हणूनच या अधिसत्तेचा सर्वांत बिकट प्रसंग वारस नेमण्याचा. खुर्ची वारसाला देता येते. वलय कसे देणार? विद्यार्थी परीक्षेत हे छान लिहितात. प्रत्यक्षात काय घडले ते पाहिले तर मात्र वेबरलाही जरा थांबून विचार करावा लागला असता. डर्बीने क्लफच्या जागी आपलाच जुना खेळाडू डेव्ह मकाय याला आणले. लिव्हरपूलने शँक्लीचा साहाय्यक बॉब पेझली याला पुढे केले. १९३९ पासून क्लबात असलेला हा अबोल माणूस ती जागा घेण्यास उत्सुक नव्हता. १९७४-७५ च्या हंगामाअखेर लीगमध्ये पहिला आला मकायचा डर्बी आणि दुसरा पेझलीचा लिव्हरपूल! ज्या दोन गावांनी आता सारे संपले असे मानले होते, तीच दोन गावे देशात पहिली व दुसरी आली. पुढे पेझलीने नऊ वर्षांत सहा लीग व तीन युरोपियन चषक जिंकले. शँक्लीलाही हे जमले नव्हते.

मग चाहत्यांचा शोक अज्ञानातून आला होता, असे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. शोकाचा हिशेब चषकांत मांडणे हीच गफलत आहे. पेझलीने अधिक जिंकले हे लिव्हरपूलचा कोणताही जुना माणूस मान्य करील, आणि तरीही मैदानाबाहेर १९९७ मध्ये शँक्लीचा पुतळा उभारला गेला तेव्हा त्याच्याखाली चषकांची यादी कोरली नाही. त्याने लोकांना आनंदी केले, एवढेच तेथे लिहिले आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख चाहत्यांचे स्तोत्र होईल. चाहत्यांची स्मृती सोयीची असते. मँचेस्टर युनायटेडचा अलेक्स फर्ग्युसन ८ मे २०१३ रोजी निवृत्त होत असल्याचे कळले तेव्हा अर्धे जग हळहळले. साडेसव्वीस वर्षे, तेरा लीग. पण त्याच मैदानात डिसेंबर १९८९ मध्ये एका चाहत्याने, तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता चालते व्हा, अशा अर्थाचे फडके झळकावले होते. २०१३ मध्ये निरोपाच्या वेळी फर्ग्युसनने ध्वनिक्षेपकावरून सर्वांना विनविले की, नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहा. नवा मॅनेजर डेव्हिड मॉइस. त्याच्या नावाचे, ‘निवडलेला’ असे लिहिलेले मोठे फडके लोकांनीच स्टँडवर लावले; आणि मार्च २०१४ मध्ये काही चाहत्यांनी वर्गणी काढून मैदानावरून विमान उडविले, त्याच्या शेपटीला मॉइसला घालवा असा फलक बांधून. महिन्याच्या आत तो गेला. मार्च २०१७ मध्ये आर्सेनलच्या सामन्यावर तर दोन विमाने आली : एक अर्सेन वेंगरला घालवा म्हणणारे, दुसरे त्याच्यावर विश्वास आहे म्हणणारे. आपल्याकडे एका गल्लीत दोन गणपती बसतात, तशातला हा प्रकार. वेंगर पुढच्या वर्षी, बावीस वर्षांनंतर, गेला. आणि वर्षानुवर्षे ‘जा’ म्हणणाऱ्यांनीही उभे राहून टाळ्या वाजविल्या.

स्कॉटलंडमधील सेल्टिकचा ब्रेंडन रॉजर्स फेब्रुवारी २०१९ मध्ये हंगाम अर्ध्यावर टाकून लेस्टरला गेला. लागोपाठ दोन हंगाम देशातील तिन्ही स्पर्धा जिंकून देणारा हा मनुष्य; पण लगेचच्या सामन्यात चाहत्यांनी त्याला ढोंगी ठरविणारा फलक उभारला. २०२३ मध्ये क्लबाने त्यालाच परत बोलाविले. शँक्ली दमून गेला, क्लफ भांडून गेला, रॉजर्स दुसऱ्या घरी गेला. पहिल्याला अश्रू, दुसऱ्यासाठी मोर्चा, तिसऱ्याला शिवी. तिन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच अलिखित करार दिसतो. आम्ही जाऊ शकत नाही, तेव्हा तूही जाऊ नकोस; आणि जायचेच असेल तर आमच्यापेक्षा बरे काही सापडले म्हणून जाऊ नकोस. कायद्याच्या दृष्टीने या कराराला कवडीची किंमत नाही. मॅनेजर पगारी नोकर आहे, त्याला बायकामुले आहेत, चांगली जागा मिळाली तर त्याने का जाऊ नये? तर्काने पाहता रॉजर्सचे बरोबर होते असेच मी म्हणेन. पण ज्याने कधी कोणाची वाट पाहिली आहे, त्याला तो फलक लिहिणाऱ्यांचा राग समजण्यास अडचण पडू नये.

२६ जानेवारी २०२४ रोजी युर्गन क्लॉपने, शक्ती संपत चालली आहे असे सांगून, हंगामाअखेर लिव्हरपूल सोडणार असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. सकाळी ध्वजवंदन झालेले. संध्याकाळी आमच्या वसतिगृहातला एक विद्यार्थी भेटला, कोल्हापूरकडचा. चेहरा उतरलेला. मी घरची चौकशी केली. मग त्याने हे कारण सांगितले, आणि वर स्वतःच विचारले, “सर, मी लिव्हरपूल कधी पाहिलं नाही, पाहीन असंही नाही. मग मला का वाईट वाटावं?”

प्रश्न त्याने अगदी नेमका विचारला होता. कोल्हापुरात फुटबॉल कमी नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार यांचे सामने असले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. पण तेथील निष्ठा पेठेला आणि तालमीला चिकटलेली. मी पाहिलेल्या सामन्यांत प्रेक्षकांच्या तोंडी खेळाडूंची नावे होती, तालमीचे नाव होते. प्रशिक्षकाचे नाव क्वचितच ऐकू आले. पेठ कुठे निघून जात नाही, त्यामुळे असला शोक करण्याची पाळीच येत नाही. हाच मुलगा रात्री उशिरा मोबाईलवर इंग्लंडचे सामने पाहतो तेव्हा त्याला पेठ नसते, तालीम नसते, शेजारी उभा राहून ओरडणारा चुलता नसतो. त्याच्या वाट्याला येतो तो पडद्यावरचा एक चेहरा : हसणारा, मुठी आवळणारा, खेळाडूंना मिठीत घेणारा. लिव्हरपूलच्या माणसाचा मॅनेजर गेला तरी कॉप राहतो, रस्ता राहतो, आजोबांचा मफलर राहतो. या मुलाचा मॅनेजर गेला की त्याच्यापुरता क्लबाचा मोठा हिस्साच जातो. म्हणून लांबच्या चाहत्याचे दुःख खोटे किंवा उसने असते, हे मत मला मान्य नाही. ते जवळच्या चाहत्याहून अधिक एकाकी असते, आणि त्याला रडावयास सोबतही नसते. मी त्याला हे असेच सांगितले. त्याला कितपत पटले ठाऊक नाही; तो मेसमध्ये जेवावयास गेला एवढे खरे.

क्लॉपने मात्र वारसाचा प्रश्न मोठ्या चतुराईने हाताळला. १९ मे २०२४ रोजी ॲनफील्डवर शेवटच्या सामन्यानंतर त्याने हजारो लोकांकडून नव्या मॅनेजरच्या, आर्ने स्लॉटच्या, नावाचा गजर करवून घेतला. स्वतःच आधी गायला. वलय देता येत नाही हे वेबरचे सूत्र त्याने वाचले असेल असे नाही, पण निदान हात धरून पाटावर बसविता येते हे त्याने दाखविले. पुढच्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, स्लॉटने लीग जिंकली.

शँक्लीला ही कला साधली नाही. आणि चाहत्यांच्या प्रतिक्रियेचा विचार करताना जो सहसा विसरला जातो, तो जाणारा मनुष्य, याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. ऑगस्ट १९७४ मध्ये वेम्ब्लीवर चॅरिटी शील्डच्या सामन्यात त्याने शेवटचा लिव्हरपूलचा संघ मैदानात नेला. शेजारून लीड्सचा संघ घेऊन चालत होता तोच ब्रायन क्लफ, ज्याला लीड्सने पुढे एकूण चव्वेचाळीस दिवसांत घालविले. त्यानंतर शँक्ली सकाळी सरावाच्या मैदानावर येऊ लागला. खेळाडू सवयीने त्यालाच ‘बॉस’ म्हणत, आणि पेझली शेजारी उभा असे. हे फार दिवस चालणे शक्य नव्हते. आपण येथे नको आहोत हे त्याला कळून चुकले व ते त्याच्या मनाला फार लागले. ज्या शहराने कामगारांच्या संपाची भाषा केली, त्याच शहरातील त्याच्या क्लबात आता त्याला बसावयास जागा नव्हती. त्याचे घर प्रतिस्पर्धी एव्हर्टन क्लबाच्या सरावाच्या मैदानालगत होते. तेथे त्याचे स्वागत होई. तो कुंपणाशी जाऊन त्यांचा सराव पाहत असे. २९ सप्टेंबर १९८१ रोजी तो वारला. त्याची रक्षा ॲनफील्डच्या हिरवळीवर, कॉपच्या बाजूच्या गोलाजवळ, विखुरण्यात आली.